धागा : पाऊस उघडतोय, हिवाळी भाज्यांसाठी परस कसं तयार करू? (काळी माती, मराठवाडा)

परसदार | २६ सप्टेंबर, रात्री ९:४०

मंडळी, दोन वर्षं इथं नुसता वाचतोय. आज पहिल्यांदा लिहितोय, तेही चूक करून बसल्यावर.

लातूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी गेल्या वर्षी घर बांधलं. मागं १५ बाय २० फुटांचं परस सोडलं. वडील शेतकरी, मी नोकरदार. रान पाहिलं ते सुट्टीत आंबे पाडायला गेल्यावर, तेवढंच. पावसाळाभर परसात केना आणि गाजरगवत माजलं होतं. गेल्या रविवारी पाऊस दीड दिवस उघडला, म्हटलं हिवाळी भाज्यांच्या तयारीला लागू. कुदळ घेतली आणि दुपारपर्यंत निम्मं परस खणून काढलं. चपलेला इतका चिखल की शेवटी अनवाणीच उभा राहिलो.

मग चार दिवस ऊन पडलं. आज बघतो तर खणलेल्या भागात नारळाएवढी ढेकळं. कुदळीचा तुंबा हाणला तर ठण्ण वाजतंय. आणि जो निम्मा भाग कंटाळून सोडून दिला होता, तो वरून भुसभुशीत. हे असं उलटं कसं झालं?

बाकी अडचणी :
भिंतीलगत बांधकामाचा राडा पुरलेला आहे. तिथं पारिजातक लावला, त्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या.
नळाला आठ-नऊ दिवसांनी पाणी येतं. बोअर आहे, पण पाणी खारं. बादलीला पांढरा थर धरतो.
आणि घरून फर्माईश आलीय की यंदाच्या येळवशीच्या भज्जीत निदान चार भाज्या आपल्या परसातल्या पाहिजेत. अमावस्या ३० डिसेंबरला आहे. जमंल का?

---

शिवारकरी | २६ सप्टेंबर, रात्री १०:१५

दादा, तुम्ही परस नाही खणलं, विटा पाडल्या. 😄

वाफसा, म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी अशी स्थिती, आल्याशिवाय काळ्या मातीला हात लावायचा नसतो. ओली झाली की ती फुगते, वाळली की आकसते. ओलीत कुदळ मारली की आतली पोकळी चेपून जाते आणि वर ऊन पडलं की तेच चेपलेलं गोळं भाजून निघतं. न खणलेल्या भागात पाऊस-ऊन, पाऊस-ऊन असं होत राहिलं, तर वरच्या मातीला बारीक बारीक भेगा पडून ती आपणच मोकळी झाली. तुम्ही तिथं काही केलं नाही म्हणून ती चांगली आहे, एवढंच.

वाफसा ओळखायची रीत सोपी. चार बोटं खालची माती मुठीत घ्या, दाबून लाडू वळा, कमरेच्या उंचीवरून सोडा. चपटा होऊन पडला तर ओल जास्त. फुटून भुगा झाला तर वाफसा. लाडूच वळला जाईना तर उशीर झाला, थोडं पाणी देऊन दोन-तीन दिवस थांबा.

आता ढेकळांचं. फोडत बसू नका, कंबर जाईल. हस्त लागतोय, एखादा पाऊस नक्की येईल. ढेकूळ पावसात भिजलं की विरघळतं, वाळताना त्याला चिरा पडतात. पाऊस नाही आला तर झारीनं भिजवा. वाफशावर आलं की दाताळ्यानं नुसतं ओढा, साखरेसारखं होतंय का नाही बघा.

---

गच्चीवरची | २६ सप्टेंबर, रात्री १०:५०

येळवस म्हणजे काय हो? आम्ही संभाजीनगरचे, आमच्याकडे हा शब्दच नाही.

---

परसदार | २६ सप्टेंबर, रात्री ११:०२

ताई, वेळ अमावस्या. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडं सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप करून पूजा, मग भज्जी, सजगुऱ्याचे (बाजरीचे) उंडे आणि मडक्यातलं आंबील. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हं. हिरवे दाणे, पालेभाज्या सगळं एकत्र शिजवून बेसन लावलेलं असतं. त्या दिवशी आमच्या बाजारपेठेत कुत्रंसुद्धा दिसत नाही.

---

निवृत्त_मास्तर | २७ सप्टेंबर, सकाळी ६:२०

परसदार, शिवारकऱ्यांनी मूळ मुद्दा सांगितलाच आहे. माझी भर वेळापत्रकाची.

शहरातले लोक हिवाळी बाग ‘ऑक्टोबरात’ लावा म्हणतात. आपल्याकडे ऑक्टोबर हा एक महिना नसून तीन हवामानं आहेत. पहिला आठवडा-दहा दिवस परतीच्या पावसाचे. मग चित्रा नक्षत्रातलं ऊन, ज्याला हल्ली ऑक्टोबर हीट म्हणतात. आणि २४ तारखेच्या सुमारास स्वाती लागलं की पहाटे अंगावर चादर ओढावी लागते. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण रब्बीच्या जिराईत पिकासाठी आहे. परसातल्या मेथीसाठी तोच पाऊस कधी कधी नासाडी करतो, रोपं कोलमडतात.

तुमची तारीख ठरलेली आहे, ३० डिसेंबर. तेव्हा पुढून मोजू नका, मागं मोजा. गाजराला ८० ते ९० दिवस लागतात, म्हणजे ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पडलं पाहिजे. हरभरा १० ऑक्टोबरच्या आसपास टोकला तर येळवशीला हिरवे घाटे सोलायला मिळतील. वाटाणा मात्र स्वाती लागल्यावरच. चित्राच्या उन्हात उगवतो जोरात आणि फुलोऱ्यात रुसतो. अर्केल जातीचा ६०-६५ दिवसांत पहिल्या तोडणीला येतो, म्हणजे दिवस अगदी काठावर आहेत. कांद्याच्या पातीसाठी कोंब आलेले बारके कांदे १५ नोव्हेंबरला खोचा. पालक नोव्हेंबरच्या मध्यावर. मेथी सगळ्यात शेवटी, डिसेंबरच्या १ तारखेला. तिला महिना पुरतो. तुरीच्या आणि वालाच्या शेंगा मात्र यंदा विकतच घ्या. त्या जून-जुलैत पेरायच्या होत्या.

---

तांदुळजा | २७ सप्टेंबर, दुपारी १:३०

मास्तर, मेथी डिसेंबरपर्यंत थांबवून ठेवायची म्हणजे लेकरांनी तोवर काय खायचं? दर दहा दिवसांनी दोन-दोन हात पट्टी टाकत जायची, तेव्हा कुठं घरात रोज पाला येतो. एकदम सगळा वाफा पेरला की एकदमच जून होतो, मग शेजारी वाटत फिरा. मी बीडची, तीस वर्षं परस करते. माझं असं :

करडई विसरू नका. परसाच्या कडेनं एक ओळ फेकायची, पंचवीस-तीस दिवसांत कोवळी भाजी. उरलेली वाढू द्यायची, काटे धरले की शेळ्या-कुत्री आत येत नाहीत. आमच्या सासूबाईंच्या काळी ज्वारीच्या कडेला ह्याचसाठी करडई असायची. मूळ खोल जातं, पाण्याचं नखरं नाही.

धने आख्खे टाकायचे नाहीत. चपलेनं रगडून दोन डाळी करायच्या, रात्रभर भिजवायच्या. तरी आठ-दहा दिवस लागतात उगवायला. चौथ्या दिवशी उकरून बघू नये. (मी बघते.)

हरभरा गुडघ्याच्या खाली असताना शेंडे खुडायचे. भाजी पण होते आणि झाड फुटतं पण.

भेंडी असेल तर आता काढून टाका. परभणी क्रांती असली तरी. ती जात केवडा रोगाला दाद देत नाही, पण थंडीला देते.

---

बोअरचं_पाणी | २७ सप्टेंबर, रात्री ८:४५

सगळे बी-बियाण्यावर बोलताहेत. प्रश्नकर्त्याच्या नळाला आठ-नऊ दिवसांनी पाणी येतं, हे कुणी वाचलं का?

साधं गणित. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ऑक्टोबरच्या उन्हात पालेभाजीच्या वाफ्याला दिवसाला चारेक मिलिमीटर धरा. १० बाय ४ फुटांचा वाफा म्हणजे साधारण पावणेचार चौरस मीटर, म्हणजे रोज १५ लिटर. आता तुमच्याकडे बागेसाठी २०० लिटरचा एक ड्रम आठ दिवस पुरवायचा असेल तर रोजचे २५ लिटर. एक वाफा आणि फार तर दहा कुंड्या. संपलं. तुमचं परस ३०० चौरस फूट आहे म्हणून ३०० फूट पेरलं, तर डिसेंबरात तुम्ही टँकरवाल्याशी घासाघीस करत असाल.

जागा मोजून बाग करू नये, ड्रम मोजून करावी. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. ते वर्ष ज्यानं पाहिलंय तो आधी ड्रम मोजतो.

बोअरचं खारं पाणी फुकट घालवू नका, पण कुणाला काय द्यायचं ते ठरवा. पालक आणि बीट खारट पाण्याला बऱ्यापैकी सोसतात. कांदा, गाजर आणि घेवड्याच्या जातीला अजिबात सोसत नाही. त्यांना नळाचं. बोअरचं पाणी रोज थोडं थोडं शिंपडलं तर क्षार वरच्या थरात साठतात; द्यायचं तर तीन-चार दिवसांनी एकदा, पण मुरेपर्यंत द्या. आणि हस्ताचा एखादा दणका बसला की तो साठलेला क्षार आपोआप खाली जातो. म्हणून मी पाऊस संपेपर्यंत कुंड्या आडोशाला ठेवत नाही, उलट उघड्यावर काढतो.

---

गच्चीवरची | २७ सप्टेंबर, रात्री ९:३०

आमच्या आरओच्या फिल्टरमधून रोज दोन बादल्या पाणी वाया जातं. ते घातलं तर?

बोअरचं_पाणी | २७ सप्टेंबर, रात्री ९:४१

आत कोणतं पाणी जातं? बोअरचं असेल तर नको. मशीन क्षार गाळून त्या दुसऱ्या नळीतून बाहेर टाकतं, म्हणजे बोअरपेक्षाही खारट पाणी झालं ते. फरशी पुसा, संडासाला वापरा. डाळ-तांदूळ-भाजी धुतलेलं खुशाल घाला.

गच्चीवरची | २७ सप्टेंबर, रात्री ९:५८

अरे देवा. म्हणून माझा गुलाब गेला वाटतं. दोन वर्षं मी त्याला ‘शुद्ध पाण्याचं उरलेलं’ म्हणून प्रेमानं घालत होते.

---

लिंबोणी | २८ सप्टेंबर, सकाळी ११:१०

राड्याजवळच्या पारिजातकाबद्दल. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाची कमतरता. आपल्या मातीत मुळात चुनखडी, त्यात सिमेंटचा राडा. लोह मातीत असतं, पण झाडाला घेता येत नाही. खिळे पुरायला सांगणारे शंभर जण भेटतील, ते खिळेही तसेच अडकून पडतात. तात्पुरता उपाय म्हणजे एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस, संध्याकाळी पानांवर फवारायचं, आठ दिवसांनी पुन्हा. मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड लोह, त्यातही ईडीडीएचए प्रकारचं. दुकानदार स्वस्तातलं दुसरं देईल, चुनखडीत ते टिकत नाही. कायमचा उपाय म्हणजे दीड-दोन फूट राडा उपसून शेणखत-माती भरणं. घाम निघेल.

जाता जाता एक राग काढून घेते. बागकामाच्या व्हिडिओत सर्रास ‘पावसाळ्यानंतर मातीत चुना घाला, राख घाला’ सांगतात. कोकणातल्या तांबड्या आंबट मातीला ते ठीक आहे. आपली माती आधीच चुन्यानं भरलेली. राख पानावर भुरभुरा, मावा थोडा आटोक्यात राहतो. वाफ्यात ओतू नका.

---

शिवारकरी | २८ सप्टेंबर, रात्री ९:०५

लिंबोणीताईंना शंभर टक्के.

आणखी एक, आता सोयाबीनच्या राशी चालू होतील. मळणीयंत्राच्या मागं भुसकट पडतं, आमच्याकडं त्याला गुळी म्हणतात. दोन पोती मागून आणा, कुणी नाही म्हणत नाही. पेरलेलं उगवून चार बोटं आलं की ओळींच्या मधी दोन इंच थर द्या. चित्राच्या उन्हात काळ्या मातीला भेगा पडतात, भेगेतून खालची ओल उडते आणि बारकी मुळं तुटतात. झाकली तर भेग पडत नाही. झाकायला काही नसलं तर खुरप्यानं वरवर हलवत राहायचं, भेग बुजली पाहिजे. जुनी माणसं म्हणायची, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी.

शेणखत घ्यायचं तर कुजलेलं. हातात घेऊन वास घ्या, शेणाचा वास आला तर ठेवून द्या. कच्च्या खतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि मग रोपं का मान टाकताहेत ते कळत नाही.

---

परसदार | १ ऑक्टोबर, रात्री १०:००

काल रात्री तासभर चांगला पाऊस झाला. ढेकळं खरंच ढिली झालीत. आज लाडू करून टाकला, चपटा झाला. थांबतोय. हात शिवशिवतात पण थांबतोय.

दुसरी बातमी वाईट. रात्री विजेरी घेऊन गेलो तर कोपऱ्यात शंखी गोगलगायी, पन्नासेक तरी. मीठ टाकू का?

शिवारकरी | १ ऑक्टोबर, रात्री १०:१२

मातीत मीठ टाकू नका! आधीच बोअर खारं. बारदान गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी कोपऱ्यात टाका, सकाळी उचला, खाली सगळ्या गोळा झालेल्या असतात. बादलीत मिठाचं किंवा साबणाचं पाणी करून त्यात बुडवा. हातमोजे घाला. २०२२ ला तुमच्याच लातूर, बीड, धाराशिवकडं ह्यांनी सोयाबीन साफ केलं होतं. आता अंडी घालायच्या आधी जेवढ्या उचलाल तेवढा पुढचा पावसाळा सुखाचा. विषारी गोळ्याही मिळतात, पण घरात कुत्रं-मांजर-लेकरं असली तर नकोच.

---

निवृत्त_मास्तर | २ ऑक्टोबर, सकाळी ६:४५

उद्या घटस्थापना. परसदार, तुमच्याकडे रानातली माती आणून घट बसवतच असतील. त्यानिमित्तानं सांगतो.

आपण घटाला फक्त देवीचं रूप मानतो, ते आहेच. पण शेतकऱ्याच्या घरात रब्बीच्या तोंडावर, काळ्या मातीत, घरातलंच धान्य पेरून नऊ दिवस त्याची उगवण बघायची, ही बियाणं तपासायची व्यवस्थाही आहे. दसऱ्याला घट कसा उगवला यावरून वर्षाचा अंदाज बांधत. गहू पिवळा पडून आडवा झाला की आमचे आजोबा बियाणं बदलायचे.

दुसरं म्हणजे मधलं मडकं. कोऱ्या मडक्यातून पाणी पाझरतं आणि भोवतीचं धान्य तेवढ्यावर वाढतं. बोअरचं_पाणी साहेबांच्या ड्रमाच्या हिशेबात हे बसवून पाहा.

तुमच्या बियाण्याच्या पुड्या आजच तपासायला घ्या.

तांदुळजा | २ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

मास्तर, देवीच्या घटात पुडीतली फुलकोबी पेरायला लावता का काय!

निवृत्त_मास्तर | २ ऑक्टोबर, सकाळी ९:३५

नाही हो बाई. वेगळी पत्रावळ. किंवा ओलं फडकं, त्यात प्रत्येकी वीस दाणे मोजून.

बोअरचं_पाणी | २ ऑक्टोबर, रात्री ८:१०

मास्तर, मडक्याचं पटलं. करून पाहिलंय, म्हणून एक सावधगिरी. बहुतेक जण उन्हाळ्यातला जुना माठ पुरतात. ज्या माठात पाणी गार होईनासं झालंय त्याची छिद्रं क्षारानं बुजलेली असतात. तो पाझरत नाही, वर्षभर तसाच भरलेला राहतो आणि आपण म्हणतो पद्धतच खोटी. एक तर कोरं मडकं घ्या, नाही तर जुना माठ लिंबाच्या पाण्यात ठेवून काथ्यानं घासा. बाहेरून ओला व्हायला लागला की चांगला. गळ्यापर्यंत पुरायचा, तोंडावर परळ झाकायचा, तीन-चार दिवसांनी भरायचा. भोवती वीतभर अंतरावर मिरची, टोमॅटो. आत नळाचंच पाणी, बोअरचं घातलं तर सहा महिन्यांत बुजेल.

---

गच्चीवरची | ४ ऑक्टोबर, दुपारी ४:००

कुंड्यांचं कुणी सांगेल का? माझ्या कुंड्यांत काळीच माती भरलीय, पावसानं खाली बसून दगड झालीय.

लिंबोणी | ४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

काळी माती कुंडीत एकटी कधीच भरू नये. पाणी दिलं की चिखल, नाही दिलं की कडेनं सुटते आणि सगळं पाणी त्या फटीतून खाली. कुंडी उपडी करा, खालचं भोक मुळांनी बुजलेलं असेल ते मोकळं करा, माती गच्चीवर पसरून तीन-चार दिवस कडक ऊन द्या. मग तीन भाग करा : एक ही माती, एक शेणखत किंवा गांडूळखत, एक कोकोपीट. मूठभर निंबोळी पेंड. वजनाकडेही लक्ष असू द्या. वीस लिटरची कुंडी नुसत्या ओल्या काळ्या मातीनं भरली तर तीसेक किलोच्या पुढं जाते, आणि त्या गच्चीखाली कुणी तरी झोपलेलं असतं.

गुलाब राहिला असेल एखादा, तर छाटायला हेच दिवस. कापलेल्या टोकाला बोर्डो (मोरचूद-चुन्याची पेस्ट) लावा.

---

परसदार | १३ ऑक्टोबर, रात्री ९:२०

सोनं घेऊन दसऱ्याच्या उशिरा शुभेच्छा!

हिशेब : फडक्यातली उगवण वीसपैकी मेथी १९, हरभरा १८, पालक १३, स्वयंपाकघरातले धने ७, आणि दुकानातून आणलेल्या चकचकीत पुडीतलं गाजर ४. पुडी परत न्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला तुमच्या पाण्यात दोष आहे. गाजर दुसरीकडून आणून ८ तारखेला टाकलं. दोन दिवस उशीरच झाला.

वाफसा ६ तारखेला आला. लाडू फुटला तेव्हा बायकोला हाक मारून दाखवला. दाताळं ओढलं आणि ज्या ढेकळांवर दांडा आपटत होतो ती पिठासारखी झाली. एकच वाफा केलाय, १० बाय ४. हरभरा १० तारखेला कडेनं टोकला, त्याच्या पलीकडं करडई. ड्रमचा हिशेब लिहून भिंतीला चिकटवलाय. उरलेल्या जागेत घरचे वैतागून म्हणतात क्रिकेट खेळा.

गोगलगायी : पाच रात्रींत २१३. मोजायचं काम पोरानं केलं, त्याला प्रत्येकी चार आणे ठरले होते.

तांदुळजा | १३ ऑक्टोबर, रात्री ९:४४

चार आणे आता चालत नाहीत, पोराला फसवलंत.

---

परसदार | १२ नोव्हेंबर, रात्री ८:३०

पालकाच्या पानाखाली हिरवट बारीक किडे, पानं आतल्या बाजूला वळलीत. मावा ना? खायची भाजी आहे, औषध मारवत नाही.

लिंबोणी | १२ नोव्हेंबर, रात्री ९:००

मावाच. ढगाळ हवेनं वाढतो. जास्त वळलेली पानं तोडून टाका, बाकीच्यांवर पाण्याचा जोराचा फवारा, पानाच्या खालून. नाही हटला तर निंबोळी अर्क : ५० ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून चिमूटभर साबणचुरा. संध्याकाळी फवारा, उन्हात नको. ढालकिडा (लाल, ठिपक्यांचा) दिसला तर फवारू नका, तो मावाच खातोय.

---

परसदार | ३१ डिसेंबर, सकाळी १०:१५

काल येळवस झाली. चार भाज्या म्हटल्या होत्या, साडेतीन झाल्या.

मेथी, कांद्याची पात, हरभऱ्याचा सोलाणा, तिन्ही घरचे. पालक मावा लागून निम्मा गेला, उरलेला घातला, म्हणून साडेतीन. गाजरं आली पण एकेकाला तीन-तीन पाय. माती खाली कडक होती, दाताळं वरवरच फिरलं होतं. पोरं त्यांना बाहुल्या म्हणून खेळली. वाटाण्याला शेंगा कालपर्यंत चपट्याच, आठवडाभर उशीर. मास्तर, काठावर म्हणालात ते काठावरच राहिलं. करडई मात्र दोनदा खाल्ली आणि आता काटे धरलेत, शेजारची शेळी परवा नाक टोचून परत गेली.

रानात भाऊबंद विचारत होते, सोलाणा कुठून आणला म्हणून. सांगितलं, घराच्या मागून. वडील काही बोलले नाहीत, आंबिलाचा दुसरा तांब्या मात्र मागितला.

एक प्रश्न राहिला. आई म्हणते चाकवताशिवाय भज्जी म्हणजे नुसतंच पिठलं. पुढच्या वर्षी चाकवत पाहिजेच. बी कुठं मिळंल?

शिवारकरी | ३१ डिसेंबर, सकाळी ११:०५

दादा, चाकवत आमच्या गव्हात तण म्हणून उपटून बांधावर फेकतो आम्ही. तरी पाहिजेच असलं तर फेब्रुवारीत या, बी धरलेली झाडं पोत्यात भरून देतो. पण एकदा परसात पडलं की परत कधी विचारायला लागणार नाही, विचार करून न्या.

तांदुळजा | ३१ डिसेंबर, सकाळी ११:२०

मला पण एक पोतं ठेवा भाऊ.